निखळलेला सांधा आणि हरवलेली नाडी

मूल पडले की आपण प्रथम हाड पाहतो. हाड मोडले की सांधा निखळला, हाच प्रश्न घरातल्या वडीलधाऱ्यांना, शेजाऱ्यांना आणि शाळेतल्या गुरुजींना पडतो; आणि सांधा एकदा जागेवर बसला, पट्टी बांधून झाली, की प्रकरण निकालात निघाले असे सर्वजण धरून चालतात. बहुतेक वेळा ते खरेही ठरते. लहान मुलाचे हाड लवकर जुळते, आणि सुट्टी संपण्यापूर्वीच तो मुलगा पुन्हा त्याच आंब्याच्या झाडाखाली घोटाळताना दिसतो. परंतु थोड्या मुलांच्या बाबतीत हाडापेक्षा कितीतरी मोलाची वस्तू हाडाच्या शेजारीच दुखावलेली असते, आणि तिच्याकडे कोणाचेच लक्ष नसते. ती म्हणजे त्या हाताला वा पायाला रक्त पुरविणारी धमनी. हाड बसविण्यास दोन दिवस विलंब झाला तर सहसा काही बिघडत नाही. रक्तावाचून स्नायू मात्र सुमारे सहा तासांपलीकडे तग धरीत नाहीत, आणि मज्जातंतू तर त्याच्याही आधी कुरकुर करू लागतात. हे सहा तास रुग्णालयाच्या दारात पाऊल टाकल्यापासूनचे नव्हेत, मूल पडल्या क्षणापासूनचे आहेत.

कोपराची रचना पाहिली म्हणजे हा धोका का संभवतो ते ध्यानात येते. मुलांच्या मोठ्या सांध्यांपैकी निखळण्यात कोपराचा क्रमांक पहिला. दंडाची मुख्य धमनी दंडाच्या आतल्या अंगाने खाली उतरते आणि कोपराच्या पुढच्या खळगीतून, सांध्याला अगदी लगटून, हातात जाते. तेथे तिच्या दोन शाखा होतात. त्यांपैकी अंगठ्याच्या बाजूची शाखा म्हणजे डॉक्टर मनगटावर बोटे ठेवून पाहतात ती नाडी. मूल हात टेकवून पडते तेव्हा हाताची दोन्ही हाडे बहुधा मागे सरकतात आणि दंडाच्या हाडाचे खालचे टोक पुढे येते. विहिरीच्या काठावर पोहऱ्याचा दोर ताणला जावा तशी धमनी या टोकावर ताणली जाते. कधी ती नुसतीच ताणते, कधी सांध्यात अडकते, क्वचित पूर्ण तुटते. पण सर्वांत फसवा प्रकार वेगळाच आहे. धमनी बाहेरून धड दिसते आणि तिचे आतले अस्तर तेवढे फाटते. त्या वेळी रक्त वाहत असते, नाडी लागत असते; मग फाटलेल्या अस्तरावर हळूहळू रक्ताची गाठ धरते आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, वाट बंद होते. म्हणजे संध्याकाळी 'नाडी उत्तम' असे लिहिले गेलेल्या मुलाचा हात सकाळी थंड पडलेला असू शकतो.

कोपराच्या किंचित वर दंडाचे हाड मोडण्याचा प्रकार याचाच सख्खा भाऊ. पाच ते सात वर्षांच्या मुलांत तो विशेष आढळतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला तो निखळलेल्या कोपरासारखाच दिसतो. हाडाचे तुकडे पूर्ण सरकलेले असतील तर अशा शंभर मुलांपैकी सुमारे दहा ते वीस जणांची नाडी रुग्णालयात येते वेळी लागत नाही. त्यांतील बहुतेकांची हाड जागेवर बसवताच परत येते. ज्यांची येत नाही, त्यांच्याविषयी हा लेख आहे.

गुडघ्याची गोष्ट आणखी निराळी. मोठ्या माणसाचा गुडघा निखळतो तेथे वाढत्या मुलाचा बहुधा निखळत नाही, कारण मुलाच्या सांध्याभोवतालचे बंध त्याच्या हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या कोवळ्या पट्टीपेक्षा बळकट असतात. बंध तुटण्याऐवजी ही पट्टीच सरकते. परंतु धमनीच्या दृष्टीने परिणाम एकच. गुडघ्यामागची धमनी वर आणि खाली अशा दोन ठिकाणी जखडलेली आहे. मधले हाड सरकले की तिला बाजूला होण्यास जागाच उरत नाही. त्यातून हे सरकलेले हाड पुष्कळदा आपोआप जागेवर येते. मग क्ष-किरणांच्या फोटोत फारसे काही दिसत नाही, 'मुका मार आहे, शेकवा' असा सल्ला मिळतो, आणि पोटरी मात्र आतून मरत असते. शेकण्याच्या या सल्ल्याइतका घातक सल्ला अशा वेळी दुसरा नसेल.

रक्तावाचून राहिलेल्या हाताचे पुढे काय होते, याचे वर्णन जर्मनीतील हाले येथील शल्यचिकित्सक रिचर्ड फॉन फोल्कमान यांनी १८८१ मध्ये करून ठेवले आहे. बोटे तळव्याकडे वळलेली, मनगट वाकलेले, हाताचे स्नायू दोरखंडासारखे कडक. बोटे सरळ करायची तर मनगट आणखी वाकवावे लागते. हे पक्षाघाताने होत नाही, रक्त न मिळाल्यामुळे स्नायू मरून आक्रसल्याने होते, आणि त्यास फार घट्ट बांधलेल्या पट्ट्या कारण असतात, असे त्यांनी त्याच वेळी सांगितले होते. वैद्यकाचे आपले विद्यार्थी 'व्होल्कमन' म्हणून ज्याचे नाव घोकतात, तो हाच विकार. (जाता जाता सांगण्यासारखे हे की, या गृहस्थांनी फ्रान्सशी झालेल्या १८७०-७१ च्या युद्धात छावणीत असताना मुलांसाठी परीकथा लिहिल्या आणि टोपणनावाने त्या प्रसिद्धही केल्या. मुलांच्या हातांकडे त्यांचे इतके लक्ष असावे, याचे मग नवल वाटत नाही.) या वर्णनाला शंभरावर चाळीस वर्षे उलटून गेली. कारण ठाऊक आहे, टाळण्याचा उपाय ठाऊक आहे, आणि तरीही असे हात आजही पाहावयास मिळतात. लेखणी धरता न येणारा, शर्टाची गुंडी लावता न येणारा उजवा हात घेऊन मूल वर्गात बसते, आणि 'लहानपणी पडला होता' एवढ्यावर घरचे लोक समाधान मानतात.

या दुःखाचे सारे खापर हाडवैद्यावर फोडण्याची आपल्या सुशिक्षितांत प्रथा आहे. ती सोयीची आहे, परंतु पूर्ण न्याय्य नाही. गावोगाव हाडवैद्यावर लोकांचा विश्वास का आहे, याचा आपण कधी शांतपणे विचार केला आहे काय? एक ते चार वर्षांच्या मुलाला हाताला धरून झटक्याने उचलले, की कोपराजवळचे एक हाड आपल्या बंधातून किंचित निसटते. मूल हात हलवीत नाही, आकांत करते. जाणता मनुष्य हात विशिष्ट तऱ्हेने फिरवतो, बारीकसा आवाज होतो, आणि पाच-दहा मिनिटांत तेच मूल त्याच हाताने खेळणे मागते. ही दुखापत खरोखरीच निरुपद्रवी असते. तीत धमनीला धोका नसतो. पण जो हे पाहतो त्याच्या दृष्टीने तो चमत्कारच. त्या चमत्काराची पुण्याई मग झाडावरून पडून सुजलेल्या कोपरालाही लावली जाते. तेथे तीच ओढाताण, वर तेलाचे मालीश, त्यावर लेप, आणि त्यावर बांबूच्या कामट्या सुतळीने करकचून आवळलेल्या. सूज आतून वाढते, बांध बाहेरून सैल होत नाही. मूल रात्रभर रडते. 'हाड बसताना दुखतेच' असे सांगून त्याची समजूत घातली जाते. ओढून हिसकलेल्या हाताची दुखापत कोणती आणि पडून झालेली कोणती, हा एकच भेद आयांना आणि हाडवैद्यांना शिकविता आला तरी पुष्कळ साधेल. हाडवैद्याला शत्रू ठरवून तो भेद शिकविता येणार नाही, हे उघड आहे.

आणि रुग्णालयांचे हात तरी कितीसे स्वच्छ आहेत? कामट्यांनी जे होते ते पूर्ण गोल, घट्ट प्लास्टरनेही होते. सुजलेले कोपर फार वाकवून प्लास्टरमध्ये बसविले तर होणारी नाडी बंद पडते, हे पाठ्यपुस्तकात आहे. पाठ्यपुस्तकातले वाक्य रात्री दोन वाजता, एकट्या तरुण निवासी डॉक्टरला आठवणे ही गोष्ट निराळी. याहून सूक्ष्म असा एक दोष आहे, आणि तो अडाण्यांचा नसून शिकलेल्यांचा आहे. नाडी लागत नाही असे आढळले की 'धमनी आकसली असेल, उतरेल हळूहळू' असे म्हणण्याची एक जुनी सवय या व्यवसायात आहे. मुलांच्या बारीक धमन्या धक्क्याने आकसतात, हे खरे. परंतु आकसलेली धमनी आणि फाटलेली धमनी यांतील फरक बाहेरून पाहून सांगता येत नाही, आणि या एका शब्दाच्या आधाराने अनेकांचे मोलाचे तास वाट पाहण्यात गेले आहेत. नाडी नाही, हात पांढरा आहे, थंड आहे, अशा वेळी आकसण्याचे निदान म्हणजे निदान न करण्याचे सभ्य नाव होय.

एका प्रश्नावर तज्ज्ञांत खराच मतभेद आहे, तो लपविण्याचे कारण नाही. सांधा किंवा हाड नीट बसले, हात गुलाबी आणि उबदार झाला, तरी मनगटाची नाडी लागत नाही, तेव्हा काय करावे? कोपराभोवती मुलांच्या लहान लहान रक्तवाहिन्यांचे जाळे दाट असते, आणि मुख्य रस्ता बंद पडला तरी आडवाटांनी हाताला पुरेसे रक्त पोचू शकते. म्हणून काहींचे म्हणणे, मुलाला दाखल करून दर तासाला पाहत राहावे. दुसऱ्यांचे म्हणणे, गुलाबी रंगावर विसंबू नये, धमनी उघडून पाहावी. मजजातंतूंनाही इजा झालेली असेल, म्हणजे मुलाला अंगठा व तर्जनी यांची टोके जुळवून नीट वर्तुळ करता येत नसेल, तर दुसऱ्या पक्षाचे पारडे जड होते, असे दिसते. पण पांढऱ्या, थंड हाताविषयी मतभेद नाही. आधी सांधा बसवा. तरीही रक्त फिरत नसेल तर विलंब न लावता शस्त्रक्रिया करा. आणि गुलाबी हाताच्या मुलाला 'उद्या दाखवायला आणा' म्हणून घरी पाठवा, असे दोन्ही पक्षांपैकी कोणीही म्हणत नाही.

या शस्त्रक्रियेला मोठा इतिहास आहे. फ्रान्सचे अध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर १८९४ मध्ये लियाँ येथे सुरीहल्ला झाला आणि पोटातील मोठी रक्तवाहिनी कापली गेल्याने ते दगावले. त्याच शहरातल्या अलेक्सी कारेल यांनी रक्तवाहिन्या शिवण्याची पद्धत बसविली, १९०२ मध्ये ती प्रसिद्ध केली, आणि १९१२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. गंमत अशी, की त्यानंतरच्या दोन महायुद्धांत ही विद्या जवळजवळ कपाटातच राहिली. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी सैनिकांच्या २,४७१ धमनीजखमांचा आढावा डिबेकी आणि सिमिओन यांनी १९४६ मध्ये घेतला. तेव्हा तुटलेली धमनी बांधून टाकणे हाच नित्याचा उपचार होता. गुडघ्यामागची धमनी निकामी झालेल्यांपैकी शेकडा सुमारे ७३ जणांचा पाय कापावा लागला, आणि सर्व धमन्या मिळून हे प्रमाण चाळिशीच्या घरात होते. कोरियाच्या युद्धात (१९५०-५३) धमनी बांधण्याऐवजी शिवली जाऊ लागली आणि एकंदर प्रमाण शेकडा १३ वर उतरले. ही किमया एकट्या टाक्याची नव्हती. जखमींना हेलिकॉप्टरने लवकर हलविण्याची व्यवस्थाही तेथे झाली होती. विद्या आणि वाहन या दोन्हींवाचून धमनी वाचत नाही.

मुलाची धमनी शिवताना आणखी एक पथ्य पाळावे लागते. मूल वाढणार, त्याबरोबर धमनीही रुंदावणार. म्हणून सलग धावदोरा न घालता सुटे सुटे टाके घालतात, नाहीतर तो दोरा पुढे काच होऊन बसतो. मधला तुकडा निकामी झाला असेल तर मुलाच्याच पायातील शीर काढून तेथे जोडतात. आणि रक्त परत सुरू झाल्यावर स्नायू फुगतात, म्हणून त्यांच्यावरचे घट्ट आवरण चिरून त्यांना जागा करून द्यावी लागते. पालकांना ती लांबलचक चीर पाहून भयंकर वाटते. हात बहुधा तीच वाचविते.

हे सारे मोठ्या शहरांतले काम झाले. धमनी शिवणारे शल्यचिकित्सक आजही प्रायः मोठ्या शहरांतच आहेत, आणि ते प्रत्येक तालुक्याला मिळतील असे मानणे भाबडेपणाचे आहे. परंतु धमनीकडे पाहणारा मनुष्य प्रत्येक शाळेत असू शकतो. त्याला यंत्र लागत नाही. मनगटावर अंगठ्याच्या बाजूस दोन बोटे टेकवावीत. पायाच्या बाबतीत पावलाच्या वरच्या अंगास किंवा आतल्या घोट्यामागे. नख दाबून सोडावे. पांढरे झालेले नख साधारण दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हावयास हवे. दुखऱ्या हाताची तुलना दुसऱ्या हाताशी करावी, निसर्गाने ती सोय करून ठेवलीच आहे. २०२०-२१ च्या साथीत घरोघर बोटाला लावून प्राणवायू मोजण्याची जी उपकरणे आली, त्यांतील एखादे दप्तरात पडून असेल तर तेही लावून पाहावे. दुखऱ्या हाताच्या बोटावर त्याला आकडा सापडत नसेल तर ती धोक्याची खूण समजावी. आकडा दिसला म्हणून मात्र निर्धास्त होऊ नये.

मग शिक्षकाने करावयाचे काय? ओढू नये, चोळू नये, बसविण्याचा प्रयत्न करू नये. हात ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत फळीचा किंवा जाड पुठ्ठ्याचा सैल आधार द्यावा. मनगटातले कडे, बांगड्या, घड्याळ, अंगारा लावून बांधलेला काळा दोरा, जुनी राखी, सारे आधी काढावे किंवा कापावे. सूज आल्यावर हेच दागिने बेड्या होतात. भूल द्यावी लागेल म्हणून चहा-बिस्किटे देऊ नयेत. किती वाजता पडला ते लिहून ठेवावे, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. घरच्यांना निरोप जाऊन त्यांनी मैदानावर येईपर्यंत मुलाला बाकावर बसवून ठेवणे हा शाळांचा शिष्टाचार मनुष्यस्वभावाला धरून असेल, पण त्यात एक-दीड तास सहज जातो.

सांधा बसल्यानंतरचे चोवीस तास हे खरे परीक्षेचे. सांधा बसला की दुखणे कमी व्हावयास हवे. ते वाढत असेल, दुखणे थांबविण्याचे औषध पुन्हा पुन्हा द्यावे लागत असेल, दुसऱ्याने बोट हळूच सरळ केले तरी मूल किंचाळत असेल, तर आत स्नायू गुदमरत आहेत असे समजावे. मोठा माणूस 'हात बधिर झाला' असे सांगतो. पाच वर्षांचे मूल ते सांगत नाही, ते फक्त रडते. अशा मुलाला वॉर्डात 'रडके' असे नाव पडते आणि तेच नाव त्याचा घात करते. रात्रपाळीच्या परिचारिकेला बांध सैल करण्याचा आणि प्लास्टर उभे चिरण्याचा अधिकार, डॉक्टरची वाट न पाहता, लेखी दिला गेला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. प्लास्टर चिरल्याने फार तर हाड पुन्हा बसवावे लागेल.

जिल्हा रुग्णालयातील सामान्य शल्यचिकित्सकाला धमनी शिवता आली नाही तरी दोन गोष्टी शिकविता येतील. स्नायूंवरील आवरण चिरून त्यांना मोकळे करणे ही एक. आणि तुटलेल्या धमनीच्या दोन टोकांत बारीक नळी बसवून तात्पुरता रक्तप्रवाह सुरू करून देणे ही दुसरी. अशी नळी घालून पाठविलेले मूल शहरापर्यंतचा प्रवास घड्याळाच्या धाकाखाली करीत नाही. धमनीतील प्रवाहाचा आवाज ऐकविणारे डॉप्लर नावाचे हातात मावणारे यंत्र तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात असावे, ही मागणीही अवाजवी नाही; गर्भातील बाळाचे ठोके ऐकण्यासाठी याच तत्त्वावरील यंत्र प्रसूतिकक्षात परिचयाचे झालेले आहे.

केस पेपरच्या खिडकीवर बसणाऱ्या लिपिकाचाही यात वाटा आहे. रांग मोडू न देणे हे त्याचे काम. पण पांढऱ्या पडलेल्या बोटांचे मूल आईच्या कडेवर दिसले तर रांग मोडण्याची मुभा त्याला असली पाहिजे, आणि ती कोणी तरी त्याला स्पष्ट शब्दांत सांगितली पाहिजे.

राहता राहिली रवानगीची चिठ्ठी. तालुक्याहून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून शहराला जाणाऱ्या मुलासोबत जो कागद जातो, त्यावर अनेकदा 'पुढील उपचारार्थ पाठविले आहे' एवढेच असते. पुढच्या डॉक्टरला मग किती तास गेले, मधल्या वेळात नाडी होती की नव्हती, याचा अंदाज घाबरलेल्या बापाच्या बोलण्यावरून बांधावा लागतो. त्या छापील नमुन्यात चार रकाने हवेत: दुखापत किती वाजता झाली, सांधा बसविण्यापूर्वी नाडी लागत होती काय, बसविल्यानंतर लागली काय, बोटे हलत होती काय. त्यासाठी कायदा करावा लागत नाही की अर्थसंकल्पात तरतूद. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या सहीचे एक परिपत्रक पुरेसे आहे.